खरी भिंत साडेचार फुटांची

पलूस तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे. कामापुरतं इथं देतो.

"दादा, नमस्कार. आम्ही कृष्णाकाठी राहतो. चार म्हशी आणि दोन गाई आहेत. रोजचं ४५ लिटर दूध निघतं. निम्मं डेअरीला घालतो, उरलेल्याचं मी पनीर, दही आणि तूप करते. इतके दिवस स्वयंपाकघरातच करायचे. आता गिऱ्हाईक वाढलंय म्हणून घरामागची १० बाय १२ ची खोली मोकळी केली. आधी तिथं पेंड आणि कडबा असायचा. विटांची आहे, सिमेंटचा गिलावा, उंची १० फूट, वर पत्रा. २०१९ च्या पुरात छातीइतकं पाणी होतं. खालचा गिलावा हात लावला की गळतो. माझ्याकडं साठवलेले ३५ हजार आहेत. सासूबाई म्हणतात चुना मारा, पूर्वी सगळं चुन्यातच व्हायचं. मिस्टर म्हणतात ऑइल पेंट मारू आणि उरलेल्या पैशात फ्रीज घेऊ. पीव्हीसी पॅनलवाला म्हणतो ९५ रुपये फुटानं फिटिंगसकट दोन दिवसांत खोली चकाचक करून देतो, भिंतीला हातसुद्धा लावायला नको. गवंडी म्हणतो पत्र्यापर्यंत टाईल घाला, नाहीतर लायसन मिळत नाही. टाईल ४२ रुपये फूट, त्याची मजुरी ३० रुपये. मी कुणाचं ऐकू?"

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय: खालचा गिलावा हात लावला की गळतो. चुना, पेंट, पॅनल, टाईल हा सगळा वाद त्या ओळीच्या नंतरचा. गळक्या गिलाव्यावर चांदीचा पत्रा मारलात तरी तो गिलाव्यासकट खाली येणार.

याला आपल्याकडं भिंतीला लोणा लागणं म्हणतात. मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या, हे तुम्हाला मी काय सांगणार. शेतात उन्हाळ्यात जे पांढरं फुटतं, तेच तुमच्या भिंतीत चढतंय. वीट खालच्या ओलीतलं पाणी वर ओढते, पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी वाऱ्यानं उडून जातं, क्षार मागं राहतात आणि त्यांचे खडे होताना गिलावा आतून फुगवून फोडतात. त्यात खोलीत पेंड होती, म्हणजे पोती भिंतीला टेकलेली असणार, भिंतीला वारा नाही. वरून महापूर. भिंतीनं तरी काय करावं?

आधी एक साधी तपासणी करा. खताच्या पिशवीतला आतला प्लास्टिकचा कागद घ्या, दोन फूट बाय दोन फूट कापा, धुऊन कोरडा करा आणि चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करून भिंतीला लावा. एक तुकडा जमिनीपासून फूटभर वर आणि एक पाच फुटांवर. दोन दिवसांनी काढा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले असतील तर ओल आतून येतेय. पाच फुटांवरचा कोरडा आणि खालचा ओला निघेल असं मला वाटतं. तसंच निघालं तर बरंय, म्हणजे दुखणं खालच्या भागातच आहे.

मग उपाय बाहेरून सुरू करायचा. खोलीच्या मागच्या अंगाला जोत्याच्या वर माती किंवा शेणखत चढलंय का बघा. बहुतेक घरांना ते असतंच, दरवर्षी थोडं थोडं चढतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ती माती काढून जोतं उघडं करा. पत्र्याचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडत असेल तर पन्हाळ लावून लांब सोडा. म्हशी धुतलेलं पाणी त्या बाजूनं वाहत असेल तर चर काढून वळवा. याला पैसे कमी आणि घाम जास्त लागतो, पण हे केल्याशिवाय आतल्या कामाला हात लावू नका.

आत साडेचार फुटांपर्यंतचा सगळा गिलावा विटेपर्यंत उतरवा. चांगला दिसणारा भागसुद्धा ठेवू नका. विटांचे सांधे अर्धा इंच खोल खरवडून घ्या. पांढरं दिसेल ते कोरड्या ब्रशनं झाडा आणि केर बाहेर टाका. गवंडी पाणी मारायला धावेल, त्याला थांबवा. पाणी मारलं की क्षार विरघळून परत विटेत जातात. अशी उघडी भिंत तीन-चार आठवडे उन्हाळ्याच्या वाऱ्याला राहू द्या. मग वॉटरप्रूफिंगचं औषध घालून सिमेंटचा गिलावा करा. तो घोटायचा नाही, खरबरीत ठेवायचा, कारण त्यावर टाईल बसणार आहे. नीरू, म्हणजे वरून चुन्याचा गुळगुळीत हात, नको, पुट्टी तर नकोच. ओल्या भिंतीवरची पुट्टी म्हणजे पावसातला पेढा.

आणि इथं सासूबाईंचं ऐका. खोलीच्या बाहेरच्या अंगाला चुनाच मारा. आतून टाईलनं भिंतीचं तोंड बंद होणार, मग ओलीला बाहेर पडायला एक तरी बाजू मोकळी हवी. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. बाहेरूनही ऑइल पेंट मारलात तर ओल मधल्यामध्ये कोंडेल आणि टाईलच्या वर, पाच-सहा फुटांवर जाऊन फुटेल. गोठ्यातही चुनाच उत्तम. ताजा चुना जंतूंना मानवत नाही, स्वस्त आहे आणि बेंदराच्या आधी एक हात, दिवाळीच्या आधी एक हात मारला की गोठा उजळून निघतो. पण पनीरच्या खोलीत आतून नको. तो हाताला लागतो, वाळला की भुरभुर पडतो आणि आंबट पाणी उडालं की तिथं विरघळून ओघळ धरतो. धुवायची भिंत आणि चुन्याची भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पॅनल. याबद्दल मी जरा तिखट लिहिणार आहे, कारण मी हात पोळून घेतलाय.

बारा वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यात आमच्या वस्तीवर मी खव्याची खोली केली होती. खवा साताऱ्यात पेढ्यांसाठी द्यायचो. तेव्हा पॅनल आमच्याकडं नवीन होतं. दुकानदार गोड बोलला, मीही भुललो. दोन दिवसांत खोली अशी दिसायला लागली की शेजारचे लोक बघायला यायचे. सहा महिने मजेत गेले. मग सकाळी दार उघडलं की एक आंबूस वास. आधी वाटलं कॅन नीट धुतले नाहीत. कॅन धुतले. मग वाटलं मोरी तुंबलीय. मोरी साफ केली. वास तसाच. शेवटी मी खालची पट्टी काढली आणि एक पॅनल उचकटलं. मागं भिंतीवर पिवळट थर, त्यावर काळी बुरशी, पट्टीच्या खोबणीत दह्यासारखा गाळ, झुरळांची अंडी आणि एका पालीचा सांगाडा. भट्टीजवळची तीन पॅनलं तर उष्णतेनं पापडासारखी उठली होती, त्यांच्या फटीतून प्रत्येक धुण्याचं पाणी आत जात होतं. मी बाहेरून रोज इमानेइतबारे पुसत होतो आणि आत दूध नासत होतं. त्या दिवशीचा खवा मी गिऱ्हाइकाला दिला नाही, म्हशींपुढंही टाकला नाही.

पॅनल वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. ते आतून पोकळ असतं, एकमेकांत अडकवलेलं असतं आणि प्रत्येक अडकणीला फट असते. ओल्या कापडानं पुसायच्या खोलीला ठीक. पाइप लावून धुवायच्या खोलीला नाही. पीव्हीसी पाऊणशे-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि तुमच्या पनीरच्या पातेल्याखालची शेगडी त्याच्याजवळ असणार. त्यात तुम्ही कृष्णाकाठच्या. पुन्हा पाणी आलं तर पॅनलच्या पोकळीत जो गाळ बसेल तो काढायला अख्खी खोली सोलावी लागेल. "भिंतीला हात लावायला नको" हे तो सोय म्हणून सांगतोय, पण लोणा लागलेल्या भिंतीवर हात न लावता झाकण घालणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. हिशेबही बघा. चारी भिंती मिळून ४४ फूट, उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे ३३ वजा केले की ४०७. गुणिले ९५, म्हणजे ३८ हजार ६६५. तुमचे ३५ हजार तिथंच संपले आणि वर उधारी.

काही जण एफआरपीची, म्हणजे काचेचे धागे घातलेल्या प्लास्टिकची, अखंड शीट सुचवतील. ती पोकळ नसते, मोठमोठ्या डेअऱ्यांत वापरतात, खरोखर चांगली. पण तिला खाली सपाट, कोरडी भिंत लागते आणि सांधे सिलिकॉननं भरणारा जाणता कारागीर. तुमच्या भिंतीवर तिचे पैसे वाया जातील.

मिस्टरांच्या ऑइल पेंटचंही तसंच. दिसायला चकचकीत, पुसायला सोपा आणि स्वस्त. पण ताज्या सिमेंटवर किंवा ओल्या भिंतीवर त्यातल्या तेलाची सिमेंटच्या खारेपणाशी गाठ पडते आणि रंगाचा अक्षरशः साबण होतो. चिकट होऊन पोपडे सुटतात. तुम्ही रोज धुण्याच्या सोड्यानं भिंत घासलीत तरी हेच, फक्त हळूहळू. पनीरच्या कढईत पडलेला रंगाचा पोपडा गिऱ्हाइकानं बघितला तर फ्रीजमध्ये ठेवायला काही उरणार नाही. तुम्ही जत किंवा आटपाडीकडच्या असता, भिंत कोरडीठाक असती, तर मी इपॉक्सी पेंट सांगितला असता. दोन डब्यांचा येतो, मिसळला की ठरल्या वेळात संपवावा लागतो, पण कोरड्या, गुळगुळीत गिलाव्यावर लोखंडासारखा बसतो. ओल्या भिंतीवर त्याला फोड येतात. तुमच्याकडं नको.

राहिला गवंडी. तो टाईल म्हणतोय ते बरोबर. पत्र्यापर्यंत म्हणतोय ते त्याच्या मजुरीच्या हिशेबानं बरोबर. आणि लायसनचं म्हणतोय ते चूक. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, त्याखालचे परवाना-नोंदणीचे नियम २०११ चे. त्यातल्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेच्या अटी आहेत. भिंतीबद्दल तिथं काय आहे? जमीन, छत, भिंती सुस्थितीत हव्यात, गुळगुळीत आणि साफ करायला सोप्या हव्यात, रंगाचे किंवा गिलाव्याचे पोपडे निघालेले नकोत. टाईलच हवी आणि ती पत्र्यापर्यंतच हवी असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. तपासणीला आलेला माणूस भिंतीवरून हात फिरवतो, कोपरे बघतो, छताकडं बघतो. पत्र्यापर्यंत टाईल आणि कोपऱ्यात काळी बुरशी असली तर तो बुरशीच लिहून घेणार.

भिंत कुठं घाण होते हे एकदा तुमच्या सध्याच्या स्वयंपाकघरातच बघा. पनीर केलंत त्या दिवशी संध्याकाळी, दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च भिंतीला आडवा धरा. दुधाचे वाळलेले थेंब चमकतात. छातीच्या वर क्वचित एखादा दिसेल. गर्दी सगळी गुडघ्यापासून कमरेपर्यंत आणि शेगडी व मोरीच्या मागं. म्हणून माझं सांगणं असं की पैसे उंचीवर उधळू नका, खाली घाला. चारी भिंतींना साडेचार फूट आणि जिथं शेगडी व धुण्याची जागा आहे त्या एका १२ फुटी भिंतीला साडेसात फूट टाईल. हे आकडे हवेतून काढलेले नाहीत. १२ बाय १८ इंची टाईल उभी लावली की तीन ओळींत साडेचार फूट होतात, पाच ओळींत साडेसात. एकही ओळ कापायला लागत नाही.

टाईल पांढरी, चकचकीत, साधी सिरॅमिकची घ्या. फुलांची नको, उठावाची तर मुळीच नको, त्या खाचांत साय बसते. पांढऱ्यावर घाण दिसते अशी तक्रार बायका करतात. दिसायलाच हवी. आपल्याकडचा बहुतेक माल गुजरातमधल्या मोरबीहून येतो आणि दुकानात त्याच्या दोन-तीन प्रती असतात. सेकंडचा माल फुटामागं बराच स्वस्त मिळेल. तो घ्यायला माझी ना नाही, पण दोन टाईल तोंडाला तोंड लावून बघा. मध्ये फट दिसली तर टाईल वाकडी आहे, तिचे सांधे कधी सरळ येणार नाहीत. आणि चकाकीवर केसासारख्या बारीक रेघा असतील तर ती फुकट दिली तरी घेऊ नका. त्या रेघांतून दूध आत जातं.

आता लावायची पद्धत. इथं तुम्ही स्वतः उभं राहायचं. मिस्टर नाही, तुम्ही. आपल्याकडचे गवंडी टाईलच्या पाठीला सिमेंटचे पाच गोळे मारतात, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक, आणि भिंतीला थापतात. वरून ठोकून ओळंब्यात आणली की बाहेरून काम सुरेख दिसतं. आत गोळ्यांच्या मधली जागा पोकळ. त्या पोकळीत सांध्यातून पाणी जातं आणि साठतं, मुंग्या-झुरळांना बंगला मिळतो. वर दुधाचा ४० लिटरचा कॅन टेकवताना काठ लागला की टाईल तिथंच फुटते, कारण मागं आधार नसतो. म्हणून टाईल चिकटवायचं अ‍ॅडेसिव्ह घ्या, दातेरी थापीनं भिंतीवर सगळीकडं सारखं ओढून घ्या आणि त्यात टाईल दाबून बसवा. पहिल्या चार टाईल बसल्या की गवंड्याला त्यातली एक काढून दाखवायला सांगा. पाठ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे. तो चिडेल, चिडू द्या. काम झाल्यावर दोन दिवसांनी रुपयाच्या नाण्यानं प्रत्येक टाईल टकटक वाजवा. भरीव टाईलचा आवाज बसका येतो, पोकळ टाईल रिकाम्या डब्यासारखी वाजते. वाजेल तिच्यावर पेन्सिलनं फुली मारा आणि ती बदलून झाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.

टाईल दुधाला घाबरत नाही, सांधा घाबरतो. पांढऱ्या सिमेंटचे सांधे वर्षभर बरे दिसतात. पण १० लिटर म्हशीच्या दुधाचं पनीर दोनेक किलो होतं, बाकी आठ लिटर आंबट पाणी कुठंतरी सांडतं, उडतं, वाहतं. आंबट पाणी सिमेंट खातं. आधी सांधा खरबरीत होतो, मग करडा, मग काळा, मग त्यात नख जातं. म्हणून सांधे इपॉक्सी ग्राउटनं भरा. महाग आहे, पण तुमच्या टाईलच्या २२० चौरस फुटांना (हिशेब खाली दिलाय), तीन मिलिमीटरचे सांधे धरून, पाच किलोचा एक डबा पुरेल. याला काटकसर करायची असेल तर वरच्या दोन ओळींना साधं ग्राउट चालेल, खालच्या तिन्ही ओळींना इपॉक्सीच. एक सावधगिरी: डब्यातले भाग मापानं दिलेले असतात, त्यात पाणी किंवा पांढरं सिमेंट घालायचं नाही. आमच्याकडं एका गवंड्यानं "लई घट्ट वाटतंय" म्हणून मगभर पाणी ओतलं होतं. ते ग्राउट शेवटपर्यंत वाळलंच नाही, च्युइंगमसारखं राहिलं. उन्हाळ्यात ते लवकर धरतं, म्हणून सकाळी, थोडं थोडं मिसळून भरायला सांगा आणि टाईलवरचा राप ओला आहे तोवर स्पंजनं पुसून घ्या. वाळल्यावर तो निघत नाही.

जमीन आणि भिंत मिळते तिथं काटकोन नको. गवंडी ज्याला वाटा म्हणतात तो मारून घ्या, दोन-तीन इंचांची गोलाई. झाडू, खराटा, घासणी यांतलं काहीच काटकोनात नीट जात नाही, पाणी मात्र जातं. टाईलची वरची कड भिंतीच्या बाहेर आलेली असते, तिथं सिमेंटचा उतार करून घ्या. नाहीतर ती कड म्हणजे धुळीचा कठडा, शिवाय लोक तिच्यावर काडेपेटी आणि विरजणाची वाटी ठेवायला लागतात. खिडकीच्या खालच्या कठड्यालाही तसाच उतार द्या आणि बाहेरून जाळी लावा. नळाचे पाइप भिंतीतून येतात तिथली भोकं बुजवा. बटणांचा बोर्ड पाच फुटांच्या वर, पुराचा अनुभव तुम्हालाच जास्त.

टाईलच्या वरचा भाग सोपा आहे. तिथला गिलावा ठोकून बघा, भरीव असेल तर राहू द्या. त्यावर बुरशीला दाद न देणारा, धुता येणारा, चांगल्या प्रतीचा अ‍ॅक्रेलिक रंग द्या, पांढरा किंवा फिकट. दोन-तीन वर्षांनी पुन्हा एक हात मारायचा, एवढं धरूनच चला.

जमिनीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगून ठेवतो. कुणी शहाबादी, कडप्पा किंवा कोटा घाला म्हणेल. तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, पनीरच्या आंबट पाण्यानं त्यांचा गुळगुळीतपणा हळूहळू जातो. पैसे जमतील तेव्हा न घसरणारी टाईल घाला. तोवर आहे तो कोबा राहू द्या, फक्त मोरीकडं दर चार फुटांना इंचभर उतार आहे का तेवढं बघा.

पत्र्याची मात्र मला भिंतीपेक्षा जास्त काळजी वाटते. थंडीत पहाटे दूध तापवलंत की वाफ वर जाऊन गार पत्र्याला लागते, थेंब होतात आणि गंजाचं पाणी खाली पातेल्यात टपकतं. शेगडीच्या वर, भिंतीत उंचावर एक एक्झॉस्ट पंखा पहिल्या दिवसापासून हवा. भांड्यांवर झाकणं हवीत. पुढच्या वर्षी पैसे आले की पत्र्याखाली पीव्हीसी पॅनलचं छत करून घ्या, कडा नीट बंद करून. तिथं पाइपचं पाणी लागत नाही, आच लागत नाही, हलकं असतं आणि पुसता येतं. पॅनलवाल्याला एवढं काम द्यायला हरकत नाही.

हिशेब असा बसतो. गिलावा उतरवून नवीन करायचा तो १८५ फूट, मालासकट ४५ रुपये धरला तर ८,३२५. टाईल २२० फूट, तुटफूट १० टक्के धरून १६२ नग, म्हणजे २४३ फूट, १०,२०० रुपये. अ‍ॅडेसिव्हच्या पाच पिशव्या २,२००. मजुरी ६,६००. इपॉक्सी ग्राउट १,८००. वरच्या १८६ फुटांना रंग, मजुरीसकट २० रुपयांनी ३,७२०. एकूण ३२ हजार ८०० च्या आसपास. उरलेल्यात पंखा आणि वाटा. अ‍ॅडेसिव्ह, ग्राउट, गिलावा आणि रंगाचे भाव मी अंदाजानं धरलेत, पलूसच्या दोन दुकानांत विचारून घ्या. फ्रीज यात बसत नाही, मिस्टरांना तसं स्पष्ट सांगा.

रोजचं धुणं बदलावं लागेल. बहुतेक जण आधी उकळतं पाणी मारतात, ते चूक. उकळत्या पाण्यानं दुधातलं प्रथिन भिंतीवर शिजून चिकटतं. आधी कोमट पाणी, हाताला सोसेल इतकंच. मग धुण्याचा सोडा किंवा साबण घालून मऊ ब्रशनं घासायचं, मग चांगलं पाणी. शेवटी आठवड्यातून दोनदा ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारायचं औषध, थोडक्यात हायपो), १० लिटर पाण्यात ४० मिली, भिंतीवर फिरवायचं, दहा मिनिटांनी धुऊन टाकायचं. तारेची घासणी टाईलला लावू नका. आणि संडासाच्या फरशीचं अ‍ॅसिड या खोलीत आणूच नका. ते सांधे खातं हे एक आणि हायपोच्या पाण्याशी त्याची गाठ पडली की विषारी वायू सुटतो. बंद खोलीत माणूस गुदमरतो. काम संपवताना गवंडी टाईल साफ करायला अ‍ॅसिडची बाटली काढेल, तेव्हाही त्याला नाही म्हणा.

काम उन्हाळ्यातच धरा. मार्चमध्ये गिलावा उतरवला तर एप्रिलभर भिंत वाळेल. नवा गिलावा सात दिवस पाणी मारून, मग दोन-तीन आठवडे कोरडा होऊ देऊन, पुन्हा तो प्लास्टिकचा कागद लावून बघायचा. थेंब नसतील तर टाईल. जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत सांधे भरून झाले पाहिजेत. घाई म्हणून ओल्या गिलाव्यावर टाईल लावायला गवंडी तयार होईल, तुम्ही होऊ नका. तेवढे दिवस पनीर स्वयंपाकघरातच करा.

टाईल घेताना १६२ वर आणखी एक बॉक्स जास्त घ्या, एकाच शेडचा आणि एकाच बॅचचा, बॉक्सवर नंबर असतो. कॅन कधी ना कधी भिंतीला लागणारच आणि दोन वर्षांनी त्याच पांढऱ्याची टाईल शोधायला गेलात तर दुकानदार तुम्हाला दहा पांढरे दाखवेल, तुमचा त्यात नसेल. तो बॉक्स घराच्या माळ्यावर ठेवा. त्या खोलीत नको, पाणी आलं तर पुठ्ठ्यासकट जाईल.